हत्ती सोडवल्यावर

पुण्यात सिंहगड रस्त्याला माझा दवाखाना आहे. रोजचे पेशंट म्हणजे कुत्री, मांजरं, एखादा पोपट आणि धायरी-खडकवासल्याकडच्या उरल्यासुरल्या गोठ्यांतल्या म्हशी. हत्ती माझ्या वाट्याला आले ते एका वर्गमित्रामुळे. शिरवळच्या कॉलेजात आम्ही बरोबर शिकलो, तो सरकारी नोकरीत गेला, मी दवाखाना थाटला. हत्तीच्या तपासणीला जादा हात लागला की त्याचा फोन येतो. देवस्थानांचे, सर्कशीतले, वरातीत मिरवणारे, रस्त्यावर पैसे मागणारे असे हत्ती त्या निमित्तानं जवळून पाहिले. त्यातून जे समजलं ते लिहितोय. प्राणिमित्रांना यातलं काही पटणार नाही, देवस्थानवाल्यांनाही नाही.

१. सोडवलेला हत्ती जंगलात जात नाही

हत्ती सोडवला म्हटलं की पुण्यातला माणूस पुढचा प्रश्न विचारतोच, "मग कुठल्या जंगलात सोडला?" विचारणाऱ्यांत पेशवे पार्कात लहानपणी हत्तीवर बसलेली पिढी सगळ्यात पुढे असते. उत्तर असं की कुठल्याच नाही. जोतिबाच्या डोंगरावरचा सुंदर २०१४ च्या जूनमध्ये सुटला आणि बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात गेला. सातारा जिल्ह्यातल्या औंधचा गजराज २०१७ मध्ये मथुरेच्या हत्ती केंद्रात गेला आणि २०२१ च्या जानेवारीत तिथेच वारला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या मठातली महादेवी, जिला लोक माधुरी म्हणतात, २०२५ च्या जुलैअखेरीस जामनगरला वनतारा या खासगी प्राणी केंद्रात गेली. तिघांनाही मोकळी जागा मिळाली, सोबत मिळाली, डॉक्टर मिळाले. जंगल कुणालाच मिळालं नाही, आणि मिळायला नको होतं असंच मी म्हणेन.

रानातला हत्ती माणसाचा वास आला की बहुतेक वेळा वाट बदलतो. पाळलेला हत्ती त्या वासाकडे चालत येतो, कारण त्याच्या लेखी माणूस म्हणजे केळी, गूळ आणि पोळी. जंगलाच्या कडेला गाव असतंच. असा हत्ती सोडला तर आठवड्याच्या आत कुणाच्या तरी पडवीत उभा राहील, आणि मग एक तर माणूस मरेल किंवा हत्ती. शिवाय हत्तीचं शिक्षण कळपात होतं. कुठला ओढा उन्हाळ्यात टिकतो, कुठल्या झाडाची साल सोलायची, नर मदावर आला की कुठे उभं राहायचं, हे आई, मावशी, आजी शिकवतात. तीन-चार वर्षांचा असताना कळपातून काढलेल्या हत्तीला ही शाळाच मिळालेली नसते.

तिसरं कारण लोकांच्या ध्यानात येत नाही. हत्तीला माणसाकडून क्षयरोग होतो. आयुष्यभर गर्दीत उभा असलेला, हजारो लोकांच्या हातचं खाल्लेला हत्ती तो रोग अंगात बाळगून असू शकतो, आणि बाहेरून तो धडधाकट दिसतो. म्हणून तपासणीत सोंड धुतात. सोंडेत निर्जंतुक सलाईन सोडायचं, माहुतानं सोंड वर धरायची, मग प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत हत्तीला फुंकायला लावायचं. पिशवीत पाणी, शेंबूड, माती, चाऱ्याचे तुकडे, सगळं येतं. निम्मं आपल्या अंगावर येतं. ते प्रयोगशाळेत गेलं की कल्चरचा निकाल यायला आठ आठवडे लागू शकतात. एवढं न करता हत्ती रानात सोडायचा म्हणजे तिथल्या कळपात रोग सोडायचा.

२. आधी पाय बघायचे

बाकी सगळं नंतर. हत्तीची तब्येत लोक पोटावरून आणि डोळ्यांवरून ठरवतात. डोळ्यांत पाणी दिसलं की "रडतोय बिचारा" म्हणतात. त्या पाण्याला कारणं पुष्कळ असतात, ते सोडून द्या. पाय मात्र काही लपवत नाहीत.

आशियाई हत्तीला पुढच्या पायांना साधारण पाच-पाच नखं आणि मागच्यांना चार-चार. रानात तो रोज मैलोगणती चालतो, माती-दगडांवर नखं आणि तळवा आपोआप झिजतो. सिमेंटच्या कोब्यावर साखळीनं उभा ठेवलेला हत्ती चालत नाही, त्यामुळे तळवा वाढत जातो, नखं पुढे येऊन चिरतात. वर तो स्वतःच्या लघवीत उभा असतो. त्या चिरेतून घाण आत जाते आणि नखाच्या मुळाशी गळू धरतं. आत हाडापर्यंत पोचलं की मग फारसं काही हातात राहत नाही. बंदिस्त हत्ती मरतात त्यात पायाचं दुखणं हे मोठं कारण आहे.

शहराबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये वरातीची एक हत्तीण होती. तिचा उजवा पुढचा पाय मी बराच काळ बघत होतो. मधलं नख उभं चिरलेलं, फटीत माहुतानं हळद आणि तेल भरलेलं. वास आधी आला, गळू नंतर दिसलं. तळवा जुन्या कोल्हापुरी चपलेच्या तळासारखा थर सुटलेला. हत्तीच्या पायासाठी लागणारी हत्यारं पुण्याच्या दुकानात मिळत नाहीत, म्हणून रेसकोर्सच्या घोड्यांना नाल मारणाऱ्या एका नालबंदाकडून खूर तासायचा चाकू आणि मोठी कानस घेतली. प्लॅस्टिकचं पिंप अर्धं कापून त्यात कोमट पाणी आणि मॅग्नेशियम सल्फेट. पाय पिंपात ठेवून उभं राहायला तिला शिकवणं हेच पहिलं काम होतं, आणि ते माहुतानं केलं, एकेक केळं देऊन. नंतर जांभळ्या औषधाच्या पाण्यानं धुणं, मेलेला भाग तासणं, पुन्हा शेक.

एका वेळी थोडंच तासता येतं. तीन टनांचा जीव एक पाय वर धरून उभा राहतो तेव्हा तो भार दुसऱ्या पुढच्या पायावर जातो, आणि तोही दुखराच असतो. काही मिनिटांत ती पाय खाली ओढायची. तेव्हा थांबायचं, उद्या करू म्हणायचं. चिरलेलं नख मुळापासून नवं येऊन खाली यायला वर्षाच्या आसपास लागतं. "सुटका झाली" म्हणून पेढे वाटून झालेले असतात, तेव्हा हे काम नुकतं सुरू झालेलं असतं.

तिला कोब्यावरून हलवून मातीत बांधलं तेव्हा शेडमालकाला सांगून एका कडेला मुरूम-वाळूचा उतरता ढीग घालून घेतला, माणसाच्या कमरेएवढा. पाय दुखणारा हत्ती जमिनीवर आडवा होत नाही. खाली बसलो तर उठता येणार नाही हे त्याला कळतं. असे हत्ती महिनोन्महिने उभ्यानं डुलक्या काढतात. ढिगाला कूस टेकता येते, उठताना अर्धं अंतर आधीच वर असतं. तिनं दोन दिवस ढिगाकडे पाठ केली, एकदा सोंडेनं वाळू अंगावर उडवून घेतली, मग एका पहाटे टेकली. माहूत मला फोनवर सांगत होता, "डॉक्टरसाब, घोरती है."

आडव्या झालेल्या आणि उठू न शकणाऱ्या हत्तीचं काय होतं ते मुंबईनं २०१३ च्या जूनमध्ये पाहिलं. लग्नात मिरवलेली, रस्त्यावर भीक मागितलेली बिजली मुलुंडला कोसळली. लोकांनी पैसे जमवले, डॉक्टर झटले, क्रेन आली. ३० जूनला ती गेली. हत्तीचं स्वतःचं वजनच त्याच्या फुप्फुसांवर आणि दाबल्या गेलेल्या स्नायूंवर येतं. अशा वेळी वैद्यकाला करण्यासारखं थोडंच उरतं. करण्यासारखं असतं ते दहा वर्षं आधी, पायाशी.

३. कागद हत्तीच्या आधी तपासावा

हत्ती १९७७ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघाच्या रांगेत. पण वाघ कुणाच्या मालकीचा असू शकत नाही आणि हत्ती असू शकतो, मालकीचा दाखला असला की झालं. विकायला मात्र कायद्यानं बंदी. त्यामुळे देशात हत्ती कधी विकला जात नाही, त्याचं 'दान' होतं. पैसे कुठून कुठे गेले ते कागदावर नसतं. २०२२ च्या दुरुस्तीनं धार्मिक किंवा इतर कारणासाठी हत्ती हस्तांतरित करायला वाट करून दिली, आणि २०२४ च्या मार्चमध्ये त्याचे नियम आले. 'इतर कारण' या दोन शब्दांत अख्खा पीलखाना मावतो.

म्हणून जागेवर गेलं की पहिल्यांदा दाखला मागायचा आणि चामडीखालची चिप वाचायच्या यंत्रानं नंबर पडताळायचा. दाखल्यावर हत्तीण आणि समोर मखना, म्हणजे सुळे नसलेला नर, असंही पाहिलंय. वय तर कुणीच खरं लिहीत नाही.

सुंदरला २००७ मध्ये एका आमदारांनी जोतिबाला अर्पण केलं. त्याच्या सुटकेचा आदेश २०१२ मध्ये निघाला. मध्येच माहूत त्याला मारतोय असा व्हिडिओ जगभर फिरला, पॉल मॅकार्टनीसारख्या माणसानं त्याच्यासाठी पत्र लिहिलं. तरी उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय करत प्रत्यक्ष हलायला २०१४ चा जून उजाडला. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात. इथे शेपूटच आधी जातं, हत्ती दोन वर्षं जागेवर.

४. माहुताला खलनायक करून काम होत नाही

अंकुशाच्या खुणा कानामागे असतात. कान उचलून बघायचा, जखम ताजी की जुनी ते लगेच कळतं. मारणारे माहूत मी पाहिलेत, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण पुण्या-मुंबईकडे हत्ती घेऊन फिरणारा माहूत बहुतेक वेळा उत्तरेतून आलेला गरीब माणूस असतो. मालक वेगळा, तो मोटारीतून येतो. माहूत हत्तीशेजारी गोणपाटावर झोपतो आणि दिवसाच्या कमाईतला थोडाच हिस्सा त्याला मिळतो. हत्ती जप्त होतो त्या दिवशी मालकाचं उत्पन्न बुडतं, माहुताचं घरच उठतं. त्याच्यासाठी कुणी याचिका करत नाही.

यात हत्तीचंही नुकसान आहे. त्याला माणसाची जी भाषा येते ती या एका माणसाची असते. 'मैल' म्हणजे चल, 'धत्' म्हणजे थांब, 'बैठ' तर सगळ्यांना कळतं. त्याशिवाय प्रत्येक जोडीचे आपले खास आवाज, जिभेचे टकटक, कानामागे पायाच्या अंगठ्याचा दाब. नव्या केंद्रात नवा माहूत कन्नड किंवा आणखी कुठल्या बोलीत हुकूम देतो आणि हत्ती नुसता उभा राहतो. मग "अडेल आहे" असा शेरा पडतो. आता मी एक करतो. जायच्या आधी जुन्या माहुताला मोबाइलसमोर उभा करून सगळे हुकूम म्हणून घेतो, हत्ती काय करतो त्याचा व्हिडिओ काढतो आणि तो पुढच्या केंद्राला पाठवतो. माहुतालाच काही महिने सोबत नेता आलं तर त्याहून चांगलं. बऱ्याच वेळा ते होत नाही, कारण त्याच्यावर गुन्हा दाखल झालेला असतो.

५. गावाचं प्रेम खोटं नसतं

हे मला औंधनं शिकवलं. तिथल्या राजघराण्याचा गजराज पन्नासहून जास्त वर्षं गावात होता, यमाईच्या यात्रेत मिरवायचा. सत्तरीच्या घरातला, पाय गेलेला, साखळीत. २०१७ च्या जूनमध्ये तो मथुरेला निघाला तेव्हा गाव रस्त्यावर उतरलं, बायकांनी ओवाळलं, म्हातारी माणसं रडली. ती माणसं नाटक करत नव्हती. त्यांच्या बापानं पाहिलेला हत्ती होता तो. त्याच्या पायाकडे त्यांनी पाहिलं नव्हतं हेही तितकंच खरं.

सातारा जिल्ह्यातल्याच एका देवळातून २०१५ च्या डिसेंबरात सूरज नावाचा, एक कान नसलेला हत्ती नेताना बंदोबस्त असूनही जमाव चालून आला होता. आणि नांदणीला २०२५ मध्ये जे झालं ते महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलं. १६ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश, २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयात तो कायम, आणि त्याच दिवशी हत्तीण गाडीत. ३३ वर्षं मठात राहिलेली हत्तीण अशी गेली. दगडफेक झाली, पोलिसांच्या गाड्या फुटल्या. ३ ऑगस्टला नांदणी ते कोल्हापूर असा सुमारे ४५ किलोमीटरचा मूक मोर्चा निघाला, त्यात जैन होते, लिंगायत, मराठा, मुसलमान सगळे होते. वनतारा चालवणाऱ्या उद्योगसमूहाचीच मोबाइल कंपनी, म्हणून लोकांनी सिमकार्डं बदलून राग काढला. शेवटी खुद्द वनताराची माणसं कोल्हापुरात येऊन मठाशी बोलली, नांदणीलाच हत्तीसाठी केंद्र करण्याची भाषा निघाली.

माझ्या पुण्यातल्या ग्रुपांवर त्या आठवड्यात दोनच सूर होते. एक, "खेडवळ अंधश्रद्धा." दुसरा, "श्रीमंताच्या खासगी संग्रहासाठी देवाची हत्तीण पळवली." हत्तिणीच्या तपासणी अहवालातली नखं, संधिवात, पायांचे फोटो यांवर पहिला गट बोलत होता, ते बरोबर होतं. एवढ्या घाईनं, न समजावता, रात्री का नेली हा दुसऱ्या गटाचा प्रश्नही बरोबर होता. मला विचाराल तर ती हलायलाच हवी होती. पण त्याआधी मठाच्या माणसांना, शाळेतल्या पोरांना, गावच्या बायकांना तिचा पाय उचलून दाखवायला हवा होता. चिखलात, पाण्यात म्हशीचे खूर बघत मोठी झालेली माणसं आहेत ती. कुजलेलं नख त्यांना कोर्टाच्या भाषेत समजावून सांगावं लागत नाही.

कोर्टाचा आदेश हातात असला की हे करायला वेळ नसतो, आणि आदेश नसला की कुणी दार उघडत नाही. यावर माझ्याकडे तोड नाही.

६. गाडीत घाई केली की घात

हत्ती वाहनात स्वतःहून चढला पाहिजे. चढायच्या फळीवर माती आणि गवत पसरायचं, म्हणजे पायाखाली पोकळ आवाज येत नाही. पुढे ऊस आणि गूळ, मागे ओरडणारं कुणी नाही. गुंगीचं औषध द्यायचं तर उभा राहील इतकंच. प्रवासात तो बसला आणि अडकला तर रस्त्यात त्याला उठवायला काही साधन नसतं. निघण्याआधी गाडीची उंची आणि वाटेतल्या वायरी, कमानी, पूल यांचा मेळ घालायचा. बंगळूरकडून पुण्यात येणाऱ्या चालकाला मी नेहमी सांगतो की कात्रजच्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंतचा उतार रिकाम्या ट्रकलाही भारी पडतो, आणि तुझ्या मागे जो माल आहे तो ब्रेक मारला की चालत पुढे येतो.

७. दोरीची गोष्ट खोटी आहे

हिंजवडीच्या कंपन्यांत जे प्रेरणादायी भाषणवाले येतात त्यांच्याकडे एक हत्ती असतोच. लहानपणी बारीक दोरीनं बांधला, तेव्हा तुटली नाही, म्हणून मोठेपणीही तो ती तोडत नाही. तात्पर्य, मनातली दोरी तोडा आणि पुढच्या तिमाहीचं टार्गेट गाठा. ज्यानं पाळीव हत्तीची साखळी हातात धरली आहे त्यानं ही गोष्ट सांगावी. हत्ती दोरीला घाबरत नाही. दोरीपलीकडे उभ्या माणसाच्या हातात काय आहे ते त्याला ठाऊक असतं, आणि संध्याकाळचा चाराही तोच माणूस आणतो हेही. मदावर आला की तो साखळदंडही तोडतो, तेव्हा त्याला कुणी भाषण दिलेलं नसतं.

साखळी काढल्यावरही कित्येक हत्ती जागच्या जागी डुलत राहतात, डावीकडे-उजवीकडे, तासन् तास. बघणाऱ्याला वाटतं नाचतोय. डुलणं कमी होतं ते दुसरा हत्ती शेजारी आला, दिवसभर काही ना काही ओरबाडून खायला मिळालं आणि चालायला जागा असली की. काहींचं कधीच जात नाही.

८. परत गेलेलेही हत्ती आहेत

पण ते वेगळे. आसामात काझीरंगाजवळ २००२ पासून एक केंद्र आहे, तिथे पुरात वाहून आलेली, कळपापासून तुटलेली हत्तीची पिल्लं वाढवतात आणि गटानं मानसच्या जंगलात नेऊन सोडतात. श्रीलंकेत उडावालावेला १९९५ पासून हेच चालतं. केनियात त्सावोला पोरकी पिल्लं वाढवून सोडतात, आणि पुढे त्यातल्या माद्या आपली पिल्लं घेऊन जुन्या रखवालदारांना भेटायला येतात, हे पुष्कळांनी चित्रीकरणात पाहिलं असेल. सगळीकडे सूत्र सारखं. पिल्लू लहान हवं, एकट्यानं नव्हे तर सवंगड्यांबरोबर सोडायचं, दार एकदम न उघडता वर्षानुवर्षं हळूहळू, आणि समोर हत्तींचं जंगल हवं. जोतिबाच्या किंवा नांदणीच्या हत्तीकडे यातलं एकही नव्हतं.

एक मधली वाट आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत अहेरी तालुक्यातल्या कमलापूरला वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. काम झालं की हत्ती रात्री जंगलात चरायला जातात, सकाळी माहूत माग काढत जाऊन आणतात. पायात साखळी असते, पण पोटात बांबू असतो आणि शेजारी मैत्रीण. २०२२ मध्ये राज्यातले काही हत्ती जामनगरला पाठवले गेले तेव्हा कमलापूरच्या हत्तींसाठी गडचिरोलीकर अडून बसले, आणि ते हत्ती राहिले. मोठ्या कुंपणाच्या खासगी केंद्रापेक्षा म्हाताऱ्या हत्तीसाठी असा कॅम्प मला बरा वाटतो. जोडीला एक चांगला डॉक्टर कायमचा हवा. ती जागा भरलेली असेलच असं नाही.

९. मोकळा आहे त्याला आधी मोकळा ठेवा

सुंदर २०१४ च्या जूनमध्ये सुटला. त्यानंतर आठ महिन्यांनी, २०१५ च्या फेब्रुवारीत, याच राज्यात सिंधुदुर्गातल्या माणगाव खोऱ्यात तीन रानटी हत्ती पकडले गेले. कर्नाटकातून शिकवलेले हत्ती आणले, बेशुद्धीची इंजेक्शनं दिली आणि आंबेरीला लाकडी ओंडक्यांच्या कोंडवाड्यात घातलं. गावांचं नुकसान खरं होतं, माणसं मेली होती, तेव्हा दुसरं काही सुचलं नसेल. पण एक हत्ती साखळीतून काढायला आपण दोन न्यायालयं आणि दोन वर्षं खर्ची घातली, आणि तीन हत्ती साखळीत घालायला काही दिवस पुरले. त्या कॅम्पात हत्ती दगावलेही.

हे हत्ती २००२ पासून कर्नाटकातल्या दांडेली-खानापूरकडून खाली उतरतात. तिकडचं जंगल धरणांनी, खाणींनी, शेतीनं तुटलं तसे ते तिलारीच्या खोऱ्यात आणि वर चंदगड-आजऱ्यात आले. २०२५ मध्ये ओंकार नावाचा तरुण नर दोडामार्ग, बांदा, मधूनच गोवा असा फिरत राहिला. नदीत डुंबत असताना त्याच्यावर सुतळी बॉम्ब टाकल्याचे, काठ्या मारल्याचे व्हिडिओ आले. त्याला पकडून नेण्याचा वाद कोर्टात गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मोर्ले गावात एक शेतकरी हत्तीच्या हल्ल्यात गेला होता, तेही विसरता येत नाही.

माणगावचे हत्ती पकडले गेले तेव्हा प्राणिमित्रांचे फोन फारसे आले नाहीत. देवळातला हत्ती फोटोत दिसतो, साखळी दिसते, देवस्थानाचं नाव दिसतं. रानातला हत्ती दिसतो तो नुकसानीच्या बातमीत. माझं म्हणणं एवढंच की जे काम नांदणीला करोडोंत आणि आयुष्यभराचं होऊन बसतं, ते तिलारीत माडांच्या भरपाईत होऊ शकतं. इथे जंगल आहे, भेरली माड आहे, पाणी आहे, चालणारे पाय आहेत. २०२० मध्ये तिलारीचं साडेएकोणतीस चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव म्हणून जाहीरही झालंय, पण हत्ती नकाशा बघून फिरत नाही. राखीव जंगलाच्या बाहेर पोफळी, केळी, काजू, सगळं त्याच्याच वाटेवर.

मागच्या पावसाळ्यानंतर मी तिकडे गेलो होतो तो हत्तीसाठी नाही, एका ओळखीच्या माणसाच्या गाभण म्हशीसाठी. त्याची केळीची बाग हत्तीनं आदल्या आठवड्यात साफ केली होती. बुंधे मधोमध फाडलेले, आतला गाभा खाल्लेला, सालपटं पसरलेली. माडाचं एक रोपटं मुळासकट उपटून कडेला ठेवलेलं, खाल्लेलंही नाही. मी विचारलं, पकडून नेला तर बरं का? तो म्हणाला, "हत्ती ऱ्हवांदेत हंय, पण पैशे वेळार गावांक व्हये." पंचनाम्याला माणूस आला होता. त्यानं केळी मोजली, पण पोफळीची गेल्या वर्षीची भरपाई अजून यायची होती, तिचा कागद याच्याकडे होता तो त्यानं मला दाखवला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर. खाली शिक्का होता, रक्कम लिहायची जागा मोकळी होती. मी म्हशीला हात घालून रेडकू सरळ आहे ते बघितलं आणि निघालो.